ऐकण्याचा सिनेमा : जर्मन बोलपटांची पहिली चार वर्षे

जुन्या सिनेमाची आवड असलेल्या आपल्याकडच्या रसिकाला जर्मन सिनेमा म्हटले की काही ठरावीक नावे आठवतात : ‘कॅलिगारी’ (१९२०), ‘नोस्फेरातू’ (१९२२), ‘मेट्रोपोलिस’ (१९२७). तिरके नेपथ्य, भिंतीवर चढणाऱ्या सावल्या, यंत्रांपुढे माना घालून चालणारे कामगार. तिथून हा रसिक एकदम चाळीसच्या दशकातल्या अमेरिकन गुन्हेपटांत उतरतो आणि त्यातल्या काळोखाचे मूळ जर्मनीत आहे, असे सांगतो. ते खरेच आहे. पण या दोन मुक्कामांच्या मध्ये चार वर्षांचा एक प्रदेश आहे आणि तो तो न पाहताच ओलांडून जातो. १९२९ च्या अखेरीपासून १९३३ च्या वसंतापर्यंत जर्मनीत जे बोलपट झाले, त्यांच्यापैकी ‘द ब्लू एंजल’ आणि ‘एम’ ही दोन नावे सोडली तर बाकीचे फारसे कोणी पाहिलेले नसतात. ही दोनही बहुधा मूकपटांची शेपटे म्हणूनच पाहिली जातात.

यामागे एक रूढ समजूत आहे. बोलपट आला आणि सिनेमा काही वर्षे मागे गेला. कॅमेरा खोक्यात बंद झाला, नट फुलदाणीत लपवलेल्या मायक्रोफोनभोवती उभे राहून बोलू लागले, चित्राची भाषा संपली. ही तक्रार त्या काळीच झाली होती. रुडॉल्फ आर्नहाइम या बर्लिनच्या समीक्षकाने १९३२ साली लिहिलेल्या सिनेमाच्या सौंदर्यशास्त्रावरील ग्रंथात, मूकपट हीच पूर्णत्वाला पोचलेली कला आहे आणि ध्वनीने तिची शिस्त मोडली, अशी बाजू मांडली. पुष्कळ चित्रपटांच्या बाबतीत ते बरोबरही होते. परंतु ज्या शहरात बसून त्याने हे लिहिले, त्याच शहरात त्याच सुमारास काही दिग्दर्शक अगदी वेगळे काम करीत होते. ते ध्वनीला चित्राचा हमाल न करता त्याला स्वतंत्र साक्षीदार म्हणून उभे करीत होते. त्या कामाची शिफारस करणे हा या लेखाचा हेतू आहे.

आवाज कोठून आला

ध्वनी जर्मनीला अमेरिकेने दिला, हे अर्धसत्य आहे. हान्स फोग्ट, यो एंगल आणि योझेफ मासोले या तिघा तंत्रज्ञांनी ‘ट्राय-एर्गॉन’ नावाची पद्धत तयार करून प्रकाशाच्या साह्याने फिल्मवरच ध्वनी मुद्रित केला आणि १७ सप्टेंबर १९२२ रोजी बर्लिनच्या अल्हाम्ब्रा चित्रगृहात त्याचा जाहीर प्रयोग केला. अमेरिकेतल्या ‘द जॅझ सिंगर’च्या आधी पाच वर्षे. उद्योगाने तेव्हा तिकडे पुरेसे लक्ष दिले नाही. पुढे अमेरिकन बोलपटांचा लोंढा दिसू लागल्यावर धावपळ झाली. टोबिस आणि क्लांगफिल्म या कंपन्यांनी एकत्र येऊन पेटंटांची तटबंदी उभारली. उफा या सर्वांत मोठ्या संस्थेने १९२९ मध्ये बाबेल्सबेर्ग येथे क्रुसाच्या आकारात चार स्टुडिओंची बिनखिडक्यांची इमारत बांधली.

त्या काळी डबिंग बाल्यावस्थेत होते. म्हणून एकच चित्रपट त्याच देखाव्यांत, तेच कपडे घालून जर्मन, फ्रेंच आणि कधी इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत पुन्हा पुन्हा चित्रित केला जाई. लिलियन हार्वेसारखी नटी तिन्ही भाषांत काम करी. आपल्याकडे प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठी आणि हिंदी असा दोनदा केला, त्यामागे हेच व्यवहारज्ञान होते. काळाचे हे सान्निध्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. ‘आलम आरा’ मुंबईत लागला तो १४ मार्च १९३१ रोजी. ‘एम’ बर्लिनमध्ये लागला ११ मे १९३१ रोजी. दोन महिन्यांचेसुद्धा अंतर नाही.

मास्तर आणि पाखरू

मराठी प्रेक्षकाला या प्रदेशाचा एक दरवाजा आधीपासून उघडा आहे. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ची (१९७२) मूळ प्रेरणा ‘द ब्लू एंजल’ ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मात्र त्यामुळेच मूळ चित्रपटाविषयी आपला एक गैरसमजही घट्ट झाला आहे : बाईच्या नादाने वाया गेलेल्या सज्जनाची गोष्ट.

योझेफ फॉन श्टेर्नबेर्ग दिग्दर्शित हा चित्रपट १ एप्रिल १९३० रोजी बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. आधार हाइनरिख मान यांच्या १९०५ सालच्या कादंबरीचा. एमिल यानिंग्स याने रंगवलेला प्रोफेसर राट सज्जन असेल, पण आदर्श मुळीच नाही. तो पोरांवर दहशत ठेवणारा, त्यांच्याकडून सक्तीने मान वसूल करणारा शिक्षक आहे. पोरे त्याला ‘उनराट’, म्हणजे घाण, म्हणतात. मार्लेन डिट्रिशची लोला त्याला फसवत नाही. ती जे आहे ते पहिल्या दिवसापासून दिसते आहे. फसतो तो स्वतःच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेला.

हे सारे श्टेर्नबेर्ग संवादांपेक्षा आवाजांतून सांगतो. चित्रपटाच्या सुरुवातीला राट न्याहारीच्या वेळी पिंजऱ्यातल्या पाखराला शीळ घालतो. उत्तर येत नाही. पाखरू मेलेले आहे. घरमालकीण ते उचलून शेगडीत टाकते. तसेही ते गाईनासे झाले होते, असे म्हणते. पुढे लोलाच्या घरी रात्र काढून तो जागा होतो तेव्हा तिथले पाखरू गाते आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू येते. लग्नाच्या मेजवानीत जादूगार त्याच्या नाकातून अंडी काढतो, लोला कोंबडीसारखी कुकुडते आणि राट आनंदाच्या भरात कोंबड्यासारखा आरवतो. शेवटी त्याच्याच गावात, ओळखीच्या लोकांसमोर विदूषकाच्या वेषात त्याच्या डोक्यावर अंडी फोडली जातात आणि त्याला आरवायला लावले जाते. तेव्हा बाहेर पडणारा आवाज माणसाचाही नाही आणि कोंबड्याचाही नाही. चार पक्षी, चार आवाज; एका माणसाचा पूर्ण उतार त्यात आला. रंगपटातले दृश्य आठवा : दार उघडले की मंचावरचे गाणे आत घुसते, दार लागले की तुटते. जणू राटच्या बंदिस्त आयुष्यात जग दारा-दाराने शिरते आहे.

‘पिंजरा’ याच कथेला दुसरीकडे नेतो. श्रीराम लागूंचा मास्तर गावाचा खरोखर आदर्श आहे. गाव त्याला मेलेला समजते, त्याचा पुतळा उभारते आणि अखेर स्वतःच्याच खुनाचा आरोप तो निमूटपणे पत्करतो, कारण त्याला स्वतःपेक्षा गावातला आदर्श टिकवायचा आहे. तमाशाच्या फडाची, संध्याच्या नाचाची आणि राम कदमांच्या संगीताची ताकद मान्य करूनही म्हणावे लागते की, शांतारामांनी मूळ प्रश्न उलटा केला. श्टेर्नबेर्गच्या चित्रपटात प्रतिष्ठा पोकळ निघते. ‘पिंजरा’त माणूस पडतो पण प्रतिष्ठा वाचते. राट रात्री आपल्या जुन्या वर्गात परततो आणि शिक्षकाच्या टेबलाला घट्ट धरून मरतो. त्याचा पुतळा कोणी उभारत नाही. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले, तर आपल्या समाजाला शिक्षकाकडून काय हवे होते, तेही उमगते.

शीळ

फ्रिट्झ लांगच्या ‘एम’मध्ये पार्श्वसंगीत नाही. चित्रपट सुरू होतो तेव्हा पडदा काळा असतो आणि एका मुलीचा आवाज ऐकू येतो. अंगणात मुले गोल करून राज्य घेण्याचे गाणे म्हणताहेत, गाण्यात खुनी माणूस आहे. एक बाई त्यांना दटावते. दुसरी, कपडे धुणारी फ्राउ बेकमान, म्हणते की निदान ती गाताना ऐकू येतात तोवर ती आहेत हे तरी कळते. हे वाक्य म्हणजे पुढच्या दोन तासांची किल्ली आहे. दुपारचे बारा वाजतात, ताट मांडले जाते, एल्सी शाळेतून येत नाही. आई हाक मारते. हाक रिकाम्या जिन्यावरून जाते, वाळत घातलेल्या कपड्यांच्या माळ्यावरून जाते, रिकाम्या ताटावरून जाते. मग गवतात घरंगळणारा चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. लांगने खून दाखवला नाही. हाकेला उत्तर न येणे एवढेच दाखवले.

खुनी ओळखला जातो तोही कानाने. पीटर लोरे रंगवीत असलेला बेकर्ट अस्वस्थ झाला की ग्रीगच्या ‘पेअर गिंट’मधली एक धून शिळेवर वाजवतो, आणि ती ऐकणारा, जोडणारा, पकडून देणारा माणूस म्हणजे एक आंधळा फुगेवाला. लोरेला शीळ येत नव्हती, पडद्यावर ऐकू येते ती लांगची स्वतःची. काही दृश्ये तर पूर्ण नीरव आहेत : रस्त्यावर पोलिसांची झडती चालू असते आणि पावलांचासुद्धा आवाज नसतो. ही शांतता आजच्या प्रेक्षकाला प्रतीतला दोष वाटते. ती शांतता म्हणूनच ऐकावी, कारण तिच्यानंतर येणारी एकच शिटी अंगावर येते.

आपल्याकडे शांतारामांनी ‘कुंकू’मध्ये (१९३७) पार्श्वसंगीत वर्ज्य करून प्रसंगातल्या वस्तूंच्या आणि माणसांच्या आवाजांवर भिस्त ठेवली. १९३३ साली ते ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीत जाऊन आले होते. पण कोणी कोणाचे उचलले, हा हिशेब इथे गौण आहे. दोघांसमोर प्रश्न एकच होता : आवाज यंत्राने मिळाला, आता त्याला काम काय द्यायचे?

‘एम’च्या शेवटी गुन्हेगारांचे न्यायालय भरते. ज्याच्यावर प्रेक्षक दोन तास चिडलेला असतो, तो बेकर्ट गुडघ्यांवर येऊन आपल्या डोक्यातल्या छळाविषयी बोलू लागतो. इथे लांग सर्व युक्त्या बाजूला ठेवतो आणि एका माणसाला बोलू देतो. जमाव त्याला मारायला उठतो. त्या क्षणी आपण कुठल्या बाजूला आहोत, हे प्रेक्षकाला तपासावे लागते. १९३१ च्या बर्लिनमध्ये हा प्रश्न कल्पनेतला नव्हता.

गाणी, आणि गाण्यांमागची माणसे

एवढे वाचून कोणी समजेल की हा सगळा काळोखाचाच प्रकार आहे. तसे नाही. या चार वर्षांत जर्मन प्रेक्षकाने सर्वाधिक प्रेम केले ते संगीतिकांवर, आणि संगीत नाटकावर वाढलेल्या मराठी माणसाला त्या परक्या वाटणार नाहीत. ‘पेट्रोल पंपावरचे तिघे’ (१९३०) पाहावा. तीन उनाड मित्र सहलीहून परततात तर घरावर जप्ती आलेली. ते सामान बाहेर जाताना गाणे म्हणतात, मग गाडी विकून पेट्रोल पंप काढतात आणि तिघेही एकाच मुलीच्या प्रेमात पडतात. मंदी, बेकारी, दिवाळे हे सगळे त्यात आहे, फक्त नाचत. पात्रे बोलता बोलता गाऊ लागतात आणि त्यासाठी त्यांना मंचाचे निमित्त लागत नाही. ‘काँग्रेस नाचते’मध्ये (१९३१) लिलियन हार्वे बग्गीतून गात निघते आणि ते गाणे बाजारातून, शेतांतून, नदीकाठच्या धोबिणींच्या तोंडून तिच्याबरोबर प्रवास करते. त्याच चित्रपटात कॉनराट फाइटचा मेटर्निख बिछान्यात पडल्या पडल्या साऱ्या महालातली बोलणी चोरून ऐकतो. हेरगिरीचा तो विनोद काही वर्षांनी विनोद उरला नाही.

या हलक्याफुलक्या चित्रपटांबरोबर एक जड गोष्ट पाहावी लागते. ‘द ब्लू एंजल’मधला जादूगार आणि ‘पेट्रोल पंपावरचे तिघे’मधला वकील, ही दोन्ही कामे कुर्ट गेरोनची. हा धिप्पाड, हजरजबाबी नट ज्यू होता. नाझींनी त्याला टेरेझिएनश्टाट छावणीत डांबून तिथल्या ‘सुखी’ जीवनाचा प्रचारपट त्याच्याकडून करवून घेतला आणि १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये आउशविट्झला पाठवून ठार मारले. ‘काँग्रेस नाचते’मधल्या ओटो वालबुर्गचा शेवटही तिथेच झाला. हे माहीत असूनही चित्रपट पाहताना हसू येते, आणि ते यावेच. त्यांच्या कामाला दिलेली ती दाद आहे.

सीमेवरचे आणि शाळेतले आवाज

पाब्स्टच्या ‘कामेराडशाफ्ट’मध्ये (१९३१) फ्रेंच खाणीत स्फोट होतो आणि सीमेपलीकडचे जर्मन खाणकामगार मदतीला जातात. १९०६ च्या कुरिएर दुर्घटनेचा आधार घेऊन पाब्स्टने कथा पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात आणली. यात जर्मन जर्मन बोलतात, फ्रेंच फ्रेंच बोलतात आणि कोणाला कोणाचे पूर्ण कळत नाही. एकाच चित्रपटाच्या भाषेगणिक आवृत्त्या काढण्याच्या त्या दिवसांत दोन भाषांना एकाच पडद्यावर आमनेसामने बसवणे हाच एक विचार होता. खाणीत अडकलेल्या फ्रेंच माणसाला वायुरोधक मुखवटा घातलेला जर्मन दिसतो आणि त्याच्या कानांत मशीनगन सुरू होते. तो आपल्याच त्रात्यावर तुटून पडतो. शेवटी बंधुभावाची भाषणे होतात, आणि जमिनीखाली दोन्ही देशांचे अधिकारी कागदांची देवघेव करून सीमेचे लोखंडी गज पुन्हा बसवतात. हा शेवट काही प्रतींतून कापलेला असतो. तो असलेलीच प्रत शोधावी.

लेओन्टिने सागान यांचा ‘मेडशेन इन उनिफॉर्म’ (१९३१) पोट्सडॅमच्या मुलींच्या वसतिशाळेत घडतो. पडद्यावर एकही पुरुष नाही. पुरुषी सत्ता येते ती लष्करी बिगुलाच्या आवाजातून आणि मुख्याध्यापिकेच्या काठीच्या टकटकीतून. शिक्षिकेवर जीव जडलेल्या मानुएलाला शाळा वाळीत टाकते आणि ती जिन्याच्या वरच्या कठड्यापाशी जाऊन पोचते. साऱ्या मुली तिचे नाव घेत तिला शोधतात. ‘एम’मधली हाक रिकामी परतली होती, ही हाक मुलीला वाचवते.

माक्स ओफ्युल्सच्या ‘लीबेलाय’मध्ये (१९३३) द्वंद्वयुद्ध आपल्याला दिसतच नाही. दूर उभे असलेले मित्र पहिली गोळी ऐकतात आणि दुसरीची वाट पाहतात. दुसरी वाजत नाही. कोण मेले, ते त्या न आलेल्या आवाजाने कळते. ध्वनिपट येऊन चारच वर्षे झाली होती आणि एक दिग्दर्शक शांततेचा असा उपयोग करीत होता. हा चित्रपट बर्लिनमध्ये लागला तेव्हा हिटलर सत्तेवर आला होता. ओफ्युल्स ज्यू होते. त्यांना देश सोडावा लागला आणि त्यांचे नावही श्रेयनामावलीतून काढले गेले.

पडद्यामागचा आवाज

लांगचा ‘डॉक्टर माबुझेचे मृत्युपत्र’ २९ मार्च १९३३ रोजी बंदीत अडकला. पहिल्याच दृश्यात एका यंत्राची धडधड इतकी भरून राहते की माणसांचे बोलणे ऐकूच येत नाही. पुढे गुन्हेगारांची टोळी पडद्याआडून येणाऱ्या एका आवाजाच्या आज्ञा पाळते. शेवटी कोणी तो पडदा ओढतो तर मागे लाकडी आकृती आणि ध्वनिवर्धक. माणूस नाहीच. गोबेल्सने आपल्याला मोठे पद देऊ केले आणि त्याच रात्री आपण पळालो, असे लांग पुढे सांगत असे. त्याच्या पासपोर्टवरचे शिक्के मात्र तो त्यानंतरही जा-ये करीत होता, असे सांगतात. चित्रपटाला या दंतकथेची गरज नाही.

या दोन्ही चित्रपटांच्या पटकथांत लांगची पत्नी टेआ फॉन हार्बू हिचा वाटा मोठा. दोघांचा घटस्फोट १९३३ मध्ये झाला. लांग देशाबाहेर गेला, ती राहिली आणि नाझी पक्षात गेली. याच काळात तिचे बेळगावकडच्या आयी गणपत तेंडुलकर या मराठी तरुणाशी नाते जुळले. दोघांनी गुप्तपणे लग्नही केले. तेंडुलकर पुढे स्वदेशी परतून पत्रकार आणि स्वातंत्र्यसैनिक म्हणून वावरले; त्यांच्या मुलीने, लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी, ही हकीकत ग्रंथरूपात मांडली आहे. राजवटीशी जुळवून घेणारी आणि एका भारतीयाशी संसार करणारी ही एकच बाई होती, हे विसरून तिच्या पटकथा सरळ रेषेत वाचता येत नाहीत.

सरळ रेषेचा मोह इथे सर्वांनाच होतो. झीगफ्रीड क्राकाउअर यांनी अमेरिकेत निर्वासित असताना लिहिलेल्या आणि १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, कॅलिगारीपासून हिटलरपर्यंतची वाट या चित्रपटांत आधीच आखलेली दिसते, असे प्रतिपादन केले. ग्रंथ मोठा आहे आणि त्यातली निरीक्षणे अजून उपयोगी आहेत. पण शेवट माहीत असलेल्या माणसाने केलेले ते वाचन आहे. फ्राउ बेकमानला, मानुएलाला, द्वंद्वाची दुसरी गोळी ऐकू पाहणाऱ्या मित्रांना शेवट माहीत नव्हता. ‘कूले वाम्पे’मधला (१९३२) बेकार तरुण खिडकीतून उडी मारण्याआधी मनगटावरचे घड्याळ काढून जपून ठेवतो, कारण घड्याळाला किंमत आहे. सेन्सॉरने त्या चित्रपटावर बंदी घातली, मग कापाकापी करून सोडला. त्यात एका देशाचे विधिलिखित नाही. एका घराचे हिशेबाचे कागद आहेत. हे चित्रपट भविष्यवाणी म्हणून पाहिले की त्यांतली माणसे पुरावा होऊन जातात. त्यांना आधी माणसे म्हणून भेटावे.

कोणत्या क्रमाने

नव्याने वळणाऱ्या रसिकाने ‘पेट्रोल पंपावरचे तिघे’पासून आरंभ करावा, कान मोकळा होतो. मग ‘द ब्लू एंजल’ आणि जमल्यास त्याच आठवड्यात ‘पिंजरा’. घरात मुले असतील तर गेरहार्ट लाम्प्रेश्टचा ‘एमिल आणि हेर’ (१९३१) त्यांच्यासोबत पाहावा. एरिश केस्टनरच्या गोष्टीची ही पटकथा तरुण बिली वाइल्डरची आहे. त्यानंतर ‘एम’, ‘कामेराडशाफ्ट’, ‘मेडशेन इन उनिफॉर्म’. ‘लीबेलाय’ आणि ‘माबुझे’ शेवटी, कारण तोवर शांतता आणि आवाज यांतला फरक ऐकायची सवय झालेली असते. पुनरुज्जीवित प्रती मिळतात, त्याच घ्याव्यात. खरखरीत प्रतींत नेमका तो आवाजच हरवतो, ज्यासाठी हे सारे पाहायचे. आणि उपशीर्षके वाचता वाचता कान बंद होऊ देऊ नयेत.

१९३३ नंतर जर्मन चित्रपटगृहे बंद पडली नाहीत. गाणी, नाच, चकचकीत संवाद भरपूर राहिले. गेले ते हाक आणि उत्तर यांच्या मधले अंतर ऐकू शकणारे लोक : काही हॉलिवूडला, काही पॅरिसला, काही छावण्यांत. या चार वर्षांतले जे थोडे चित्रपट हाती लागतात, ते पाहणे म्हणजे अजून ऐकता येणाऱ्या एका शहरात काही तास काढणे होय.